चार मिनिटं पुढचं घड्याळ

इस्त्रीची वायर तुटली तरी सासरे ती कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन देत. ज्या माणसानं एके काळी उपग्रहाच्या पोटातले बेचाळीस सांधे स्वतःच्या हातांनी जोडले होते, त्यानं गेल्या एकतीस वर्षांत तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नला हात लावला नव्हता. घरात याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. सुनेला ते कळलं लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, सासूबाईंबरोबर भाजी निवडताना.

"त्यांचा डबा गेला ना, तेव्हापासून हे असं," सासूबाई म्हणाल्या होत्या.

डबा म्हणजे उपग्रह. बिस्किटांच्या मोठ्या डब्याएवढा, प्रयोगशाळेतल्या आठ-दहा जणांनी मिळून बनवलेला, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी रॉकेटच्या कोपऱ्यात जागा मिळवून वर गेलेला. वर गेल्यावर दोनशे चौदा दिवस तो गुणी मुलासारखा बोलला. किती तापलोय, किती वीज येतेय, बॅटरी कशी आहे, सगळं आकड्यांत सांगत राहिला. दोनशे पंधराव्या दिवशी गप्प झाला, तो झालाच. चौकशी बसली. अहवालात एक ओळ आली: मुख्य वीजवाहिनीतल्या सांध्याचा दोष संभवतो. सांधे कुणी जोडले होते ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नाव लिहायची गरजच पडली नाही.

सासूबाईंना ते कधीच पटलं नाही. त्या त्याच प्रयोगशाळेत गणित बघायच्या, आणि डब्याचं बोलणं ऐकून उलगडणारा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिला होता. "सांधा नव्हे गं, बॅटरी गेली असणार," त्या म्हणायच्या. "पण डबाच गप्प, तर पुरावा कुठून आणू?" पुरावा न मिळताच नऊ वर्षांपूर्वी त्या गेल्या.

सून हॉस्पिटलांतली यंत्रं दुरुस्त करायची. जुने सुटे भाग कुठे मिळतात ते इंटरनेटवर शोधता शोधता एक दिवस ती रेडिओच्या हौशी लोकांच्या एका पानावर पोचली. कुणीतरी तिथं लिहिलं होतं, की वरून एक अनोळखी शिट्टी ऐकू येते आहे. जे काही आहे ते उन्हात असलं की बोलतं, पृथ्वीच्या सावलीत गेलं की थांबतं. कुणाचं आहे माहीत असल्यास कळवावं. खाली रेडिओवरची जागा, म्हणजे फ्रिक्वेन्सी, दिली होती, सहा आकडी. तिनं तो आकडा दोनदा वाचला, मग उठून सासूबाईंनी डब्याची जागा टिपून ठेवलेली जुनी वही काढली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकच होते.

जेवताना तिनं सांगितलं, तेव्हा सासऱ्यांचा घास हातातच राहिला. पण आनंद म्हणाल तर चेहऱ्यावर औषधालाही नव्हता.

"डब्यात दोन वाहिन्या होत्या," ते सावकाश म्हणाले. "मुख्य माझी. दुसरी राखीव, ती दुसऱ्यानं जोडलेली. आता बॅटरी मेलेली असणार आणि डबा थेट उन्हावर चालत असणार. पण ऊन पोचतंय कुठल्या वाहिनीनं? राखीव वाहिनीनं येत असेल, तर माझा सांधा तुटला हे आजवर संभवत होतं, आता पक्कं होईल."

"आणि मुख्य वाहिनीनं येत असेल तर?"

त्यांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, "तिसरा आकडा. मुख्य वाहिनीचा तो तिसरा. पण नुसत्या शिट्टीतून काही कळायचं नाही. तिला कशानं भागायचं, कशानं गुणायचं, ते सगळं हिच्या प्रोग्रॅममध्ये. कागद प्रयोगशाळा बंद झाली तेव्हाच रद्दीत गेले."

"प्रोग्रॅम आहे ना, बाबा. आईंनी कॉम्प्युटरसकट आणून ठेवलेला, माळ्यावर."

"माळ्यावर भंगार आहे," सासरे म्हणाले आणि ताटावरून उठले.

भंगार चांगलं अठरा किलोचं निघालं. कॉम्प्युटर, हिरव्या अक्षरांचा मॉनिटर, रेडिओ, आणि रेडिओचा आवाज ऐकून त्याचे आकडे करणारी एक पत्र्याची पेटी. नवऱ्यानं ते एकेक करून खाली उतरवलं आणि कंबर धरून बसला. "हे माझं घर आहे, की सासर?" तो म्हणाला. "ओझी उचलायला बरोबर जावई सापडतो."

तीन आठवडे संध्याकाळी कामावरून आल्यावर सून त्या भंगाराला भिडली. फुगलेले कपॅसिटर बदलले. फ्लॉपी फिरवणारा रबरी पट्टा चघळलेल्या च्युइंगगमसारखा झाला होता, तो खरवडून नवा घातला. सासरे पहिल्या दिवशी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी दारात उभे राहिले. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून बसले, पण दोन्ही हात काखेत घालून, जणू कुणी बांधून ठेवलेत. शिकवायचे मात्र अगदी मनापासून. "आयर्न टेकव, तीन मोजायचे, उचल. चौथा आकडा मोजलास की खालचा तांब्याचा पट्टा सुटलाच म्हणून समज."

"तुम्हीच दाखवा ना एकदा, बाबा."

"तू कर. माझे डोळे गेलेत."

डोळे खरंच गेले होते, पण तेवढंच कारण नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

फ्लॉपी एकच होती, आणि तिच्यावर बुरशीचे ठिपके. सुनेनं ती स्पिरिटनं पुसली, तरी प्रत्येक वाचनाला तिच्यावरचा थोडा थर खरडला जात होता. नक्कल काढायचे दोन्ही प्रयत्न फसले. सहाव्या खेपेला प्रोग्रॅम पूर्ण उचलला गेला, तेव्हा तिनं ठरवलं की आता काम होईस्तोवर यंत्र बंद करायचंच नाही. सातव्यांदा फ्लॉपी वाचली जाईल याची खात्री नव्हती. बटणावर तिनं चिकटपट्टी मारली आणि स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "मिक्सर लावू नका! काहीच लावू नका!"

आधी पडद्यावर नुसता कचरा आला. आडवीतिडवी चिन्हं, मुंग्यांची वारुळं फुटल्यासारखी. कॉम्प्युटर आणि पेटी वेगवेगळ्या वेगानं बोलत होती. पेटीच्या मागं वेग निवडायचं बटण होतं, सहा खाचांचं. ती एकेक खाच लावून बघणार, तोच सासरे म्हणाले, "तीनशे. ही तीनशेच्या पुढे कधी गेली नाही. घाईत बोललेलं कळत नाही म्हणायची."

तिनं तीनशेची खाच लावली. कचरा ओसरला. काळ्या पडद्यावर एक हिरवी ओळ उमटली, अक्षरं रोमन पण भाषा मराठी, आणि ती वाचायला सून पुढं वाकली.

"अहो," तिनं वाचलं, "घड्याळ लावलंत का?"

वाचल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय वाचलं. प्रयोगशाळेत या प्रोग्रॅमपुढं बसणारा माणूस एकच होता. त्या माणसानं आता काखेतले हात काढून गुडघ्यांवर ठेवले होते.

"रोज विचारायची," ते म्हणाले. "म्हणजे, हे यंत्र विचारायचं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ घालायचो. मग ती आकडा सांगायची आणि मी रेडिओची चकती फिरवायचो. तिचा आकडा म्हणजे आकडा. एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही."

आकड्याची गरज का, हे सुनेला समजावून सांगायला लागलं नाही. गाडी हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज चढा लागतो, पुढं निघून गेली की उतरतो. डबा तर तासाला सत्तावीस हजार किलोमीटरनं धावत होता. त्याची शिट्टी क्षितिजावर उगवताना चढी, डोक्यावरून जाताना झरझर उतरणारी. प्रोग्रॅमला डब्याची उगवायची वेळ सांगितली की तो दर अर्ध्या मिनिटाला चकती कुठं ठेवायची ते सांगे. तेवढी अचूक जागा धरली तरच पेटीला त्यातलं बोलणं कळे.

रविवारी दोन फेऱ्या डोक्यावरून जाणार होत्या. पहिली दहा बेचाळीसला, दुसरी बारा चोवीसला. नवऱ्याला गच्चीवर उभं केलं, हातात अँटेना देऊन. वायव्येकडून सुरुवात करून तेरा मिनिटांत आग्नेयेपर्यंत आणायची, एवढंच काम.

"शेजारचे विचारताहेत, नवीन वाळत घालायची काठी का?" त्यानं वरून खिडकीत तोंड करून विचारलं.

"हो म्हणावं, आणि हलू नका!"

सुनेनं फोनमध्ये बघून सेकंदासकट वेळ घातली आणि उगवायची वेळ दिली. सासरे रेडिओपुढं बसले. हात चकतीवर ठेवले. पडद्यावर आलं: "अहो, ६८ वर ठेवा. डबा अजून उगवायचाय."

"अडुसष्ट," ती म्हणाली. त्यांनी अडुसष्टावर ठेवलं.

दहा बेचाळीस झाले. पडदा तेच म्हणत राहिला, डबा अजून उगवायचाय. रेडिओत नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या मागं, खूप खोलातून, सुईच्या टोकाएवढा एक आवाज आला.

"बाबा, काहीतरी वाजतंय."

"मला चढे आवाज ऐकू येत नाहीत आता. पडदा काय म्हणतो?"

"अजून उगवायचाय म्हणतो."

"मग ते दुसरं काही असेल. कुणाचा तरी पंखा."

"खाली सरकतंय, बाबा. जरा चकती फिरवून बघूया का?"

"तिनं सांगितल्याशिवाय नाही," सासरे ठामपणे म्हणाले.

आवाज घसरत घसरत गेला आणि हरवला. त्यानंतर पडदा म्हणाला, डबा उगवला. मग तो आकडे सांगत गेला, सासरे चकती फिरवत गेले, नवऱ्यानं अँटेना इमानदारीनं आग्नेयेला नेली, आणि तेरा मिनिटं खरखरीशिवाय काहीही आलं नाही. शेवटी पडद्यावर ओळ आली: "आज बोलला नाही."

सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. "एकतीस वर्षांपूर्वीही हेच लिहून आलं होतं," ते म्हणाले. "सत्तावीस दिवस रोज. मग साहेबांनी बंद करायला सांगितलं." ते उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

सून पडद्यापुढं बसून राहिली. तिला तो सुईएवढा आवाज सोडवेना. पंख्याचा आवाज असा उतरत जात नाही. तिनं वहीत लिहिलं: आवाज आला दहा बेचाळीसला, अगदी वेळेवर. पडदा "उगवला" म्हणाला दहा सेहेचाळीसला. वेळ तर तिनं सेकंदासकट दिली होती. चार मिनिटं. बरोबर चार, साडेतीन नाही की पाच नाही. यंत्र बिघडलं तर चूक अशी गोल नसते. अशी गोल चूक माणूस करतो, आणि तीही ठरवून.

तिनं दार ढकललं. सासरे पलंगावर बसून भिंतीकडे बघत होते.

"बाबा, रागावू नका. आईंचा प्रोग्रॅम चार मिनिटं मागं चालतो. आता किती वाजले म्हणून आपण जी वेळ घालतो, तिच्यातून तो चार मिनिटं वजा करतो. का करत असेल?"

"ती चुकायची नाही."

"चूक नाही म्हणत मी. मुद्दाम केल्यासारखं वाटतंय. तुम्ही वेळ भिंतीवरच्या घड्याळातून घालायचात ना? ते घड्याळ—"

सासऱ्यांनी हात वर केला. ती थांबली. 

"किती मिनिटं म्हणालीस?"

"चार."

"हा लहान होता," सासरे म्हणाले आणि गच्चीकडे बोट केलं. "ती त्याला शाळेत सोडून धावत यायची. सकाळच्या फेरीला रोज दोन-तीन मिनिटं उशीर. साहेब सगळ्यांसमोर बोलायचे. मला ते बघवायचं नाही. मग मी एक दिवस प्रयोगशाळेतलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं केलं. कुणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. ते घड्याळ बघून तिला वाटायचं आपल्याला आणखीच उशीर होतोय, मग ती आणखी धावायला लागली आणि फेरीच्या खऱ्या वेळेला पोचायला लागली. मला वाटलं, जमलं. दोनशे चौदा दिवस मला वाटत होतं की तिला पत्ताच नाही."

"आणि त्यांनी—"

"तिनं दोन दिवसांत ओळखलं असणार. डबा घड्याळाशी जुळेना म्हटल्यावर दुसरं काय? आणि घड्याळ मागं न करता प्रोग्रॅममध्येच चार मिनिटं कापून टाकली. बोलली नाही. रोज मला विचारायची, घड्याळ लावलंत का. आणि मी मान वर करून सांगायचो, लावलं!" ते हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. "बाई गं," ते म्हणाले. "तरी धावत यायची."

बारा चोवीसच्या फेरीला सुनेनं प्रोग्रॅमला हात लावला नाही. "अहो, घड्याळ लावलंत का?" असं पडद्यानं विचारलं, तेव्हा सासरे म्हणाले, "सांग तिला, लावलं. चार मिनिटं पुढं."

बारा चोवीसला पडदा म्हणाला, डबा उगवला, आणि त्याच क्षणाला खरखरीच्या मागं तो आवाज उभा राहिला. "सदुसष्ट," ती म्हणाली. चकती फिरली. आवाज घसरायला बघे आणि चकती त्याला धरे. "सहासष्ट. चौसष्ट." पेटीवरचा लाल दिवा एकदा लुकलुकला. मग दोनदा. मग पेटला आणि पेटलेलाच राहिला.

पडद्यावर आकडे उतरू लागले. सावकाश, तीनशेच्या वेगानं, एकेक अक्षर मोजता येईल असे.

पहिला आकडा डबा जागा होऊन किती सेकंद झाले त्याचा. सातशे बारा. म्हणजे बारा मिनिटांपूर्वी तो पृथ्वीच्या सावलीतून उन्हात आला होता, जागा झाला होता आणि शून्यापासून मोजायला लागला होता. सुनेला आधी त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा ती आकडा सांगायचं विसरली. दर फेरीला तो सावलीत मरत होता. दर फेरीला ऊन लागलं की उठत होता आणि पहिल्यापासून सुरुवात करून आपलं सगळं सांगत होता, दिवसातून चौदा वेळा, किती वर्षं कोण जाणे, समुद्रांवरून, वाळवंटांवरून, या घराच्या गच्चीवरून. ऐकायला खाली कुणी नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला उत्तर लागतही नव्हतं.

"सूनबाई! आकडा!"

"एकसष्ट! बाबा, एकसष्ट!"

"आणि तिसरा?"

ती पडद्याजवळ वाकली. दुसरा आकडा तापमान. चौथा राखीव वाहिनी, शून्य. पाचवा बॅटरी, शून्य.

"तिसरा सांग गं. काय असेल ते सांग."

"तेरा पूर्णांक आठ."

चकतीवरचा हात थांबला.

"परत वाच."

"तेरा पूर्णांक आठ व्होल्ट. आता चौदा पूर्णांक एक. आता तेरा. बारा... परत चौदा. चोपन्न वर घ्या, बाबा, चोपन्न! राखीव शून्यच आहे. बॅटरी शून्य. सगळं मुख्य वाहिनीवरून येतंय."

"चढतोय उतरतोय तो, कारण गिरकी घेतोय," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता, वर्गात शिकवत असल्यासारखा. "एकेक बाजू उन्हाकडे येते, म्हणून. पंचेचाळीस आलं का?"

"पंचेचाळीस."

बेचाळीस सांधे. दिवसातून चौदा वेळा उन्हात भाजायचे, चौदा वेळा सावलीत गोठायचे. एकतीस वर्षं. सुनेनं ते मनात गुणून बघितलं आणि निम्म्यावर सोडून दिलं, कारण पडद्यावरचे आकडे श्वासासारखे वरखाली होत होते आणि तिला त्यांतला एकही चुकवायचा नव्हता. वर गच्चीवरून नवरा काहीतरी विचारत होता. हात भरून आले तरी तो अँटेना धरून राहिला.

बारा सदतीसला एक ओळ अर्ध्यावर तुटली. तिसऱ्या आकड्याचा एकच अंक उमटला होता, एक, पुढं काही आलं नाही. मग पडदा म्हणाला, "डबा मावळला. अहो, पाठ दुखली असेल, उठा आता."

सासरे उठले नाहीत. सुनेनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी प्यायलं आणि पेला हातातच धरून बसले.

नवरा खाली आला. अँटेना घाईत दारात अडकून तिची तार सुटली होती. "मी काही तोडलं नाही," तो आधीच म्हणाला, "ती आपणहून तुटली. काय झालं? बोलला का?"

"बोलला," सून म्हणाली. "आईंचं बरोबर होतं. बॅटरी. बिघडून सगळी वीज तीच गिळत होती, पुरती तुटली तेव्हा डबा पुन्हा उठला."

नवऱ्यानं वडिलांकडे बघितलं.  सासऱ्यांनी पेला खाली ठेवला, त्याच्या हातातली अँटेना घेतली आणि तुटलेला सांधा डोळ्यांजवळ नेऊन बोटानं चाचपला.

"हा कुणी जोडला?"

"मी, बाबा," सून म्हणाली.

"चौथा आकडा मोजलास तू. हा वर गेला असता तर दोन दिवस टिकला नसता." त्यांनी हात पुढं केला. "आण ते आयर्न. आणि दिवा जवळ धर."

तिनं दिवा धरला. त्यांनी आयर्न टेकवलं, ओठांतल्या ओठांत तीन मोजले, उचललं. धुराची बारीक रेघ वर गेली. सांधा चकचकीत आणि लहान, तांदळाच्या दाण्याएवढा.

पुढची फेरी दोन वाजून सहा मिनिटांनी होती, क्षितिजाजवळून जाणारी, कदाचित ऐकूही न येणारी. तरी कुणी जेवायला बसायची घाई केली नाही. सासरे स्वयंपाकघरात गेले, स्टुलावर चढले आणि भिंतीवरचं घड्याळ काढून त्याच्या मागचं चक्र फिरवायला लागले.

"अहो बाबा, उतरा खाली, पडाल! ते बरोबर आहे, मी कालच लावलंय."

"माहीत आहे," सासरे म्हणाले, आणि काटा मोजून चार मिनिटं पुढं नेला.